सभेत बोलण्याआधी

लखनौच्या अदबीविषयी एक गोष्ट उत्तर भारतात सर्वत्र सांगितली जाते. दोन नवाब रेल्वेच्या फलाटावर भेटतात. गाडी येते. ‘पहले आप’ असे म्हणून एक जण दुसऱ्याला आधी चढण्याचा आग्रह करतो. दुसराही तितक्याच नम्रतेने तोच आग्रह परत करतो. दोघांचे सौजन्य संपण्यापूर्वीच गाडी फलाट सोडून निघून जाते. गोष्ट थट्टेची असली, तरी तिच्यात एक गंभीर आशय आहे. माणसे एकत्र येतात तेव्हा केवळ सद्भाव असून भागत नाही. आधी कोणी बोलायचे, किती वेळ बोलायचे, मतभेद झाल्यास निर्णय कसा घ्यायचा, हे ठरलेले नसेल तर सज्जनांची सभासुद्धा निष्फळ ठरते. आणि सभेत सगळेच सज्जन नसतील, तर ज्याचा आवाज मोठा त्याचेच म्हणणे खरे ठरते.

त्याच लखनौ शहरातील अनेक शाळांमध्ये आणि महाविद्यालयांमध्ये आज विद्यार्थ्यांची एक वेगळी सभा भरताना दिसते. सभागृहात ओळीने टेबले मांडलेली असतात आणि प्रत्येक टेबलावर एका देशाच्या नावाची पाटी असते. गोमतीच्या काठी राहणारा एखादा विद्यार्थी त्या दिवशी ब्राझीलचा प्रतिनिधी असतो. चौकातल्या गल्लीत वाढलेली विद्यार्थिनी नॉर्वेच्या वतीने बोलत असते. व्यासपीठावर अध्यक्ष बसलेले असतात. पाणीवाटप, निर्वासितांचा प्रश्न, अण्वस्त्रे किंवा हवामानबदल असा एखादा विषय समोर असतो. दोन-तीन दिवस वादविवाद होतो, मसुदे लिहिले जातात, दुरुस्त्या सुचवल्या जातात आणि शेवटी मतदान होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामकाजाची ही हुबेहूब नक्कल असते. इंग्रजीत तिला ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ म्हणतात. मराठीत अभिरूप न्यायालय किंवा अभिरूप संसद या शब्दांच्या चालीवर तिला ‘अभिरूप राष्ट्रसभा’ म्हणता येईल.

ही कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला, तेव्हा १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थी त्याच्या अधिवेशनांची प्रतिकृती सादर करू लागले. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ अस्तित्वात आल्यावर त्याच उपक्रमाने नवे रूप धारण केले. नेदरलँड्समधील हेग येथे १९६८ पासून शालेय विद्यार्थ्यांचे असे आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरत आले आहे. भारतात हा प्रघात गेल्या काही दशकांत रुजला. लखनौमध्ये त्याला अनुकूल भूमीही होती. याच शहरातील सिटी मॉन्टेसरी स्कूल या शाळेला २००२ साली युनेस्कोचा शांतता-शिक्षणाचा पुरस्कार मिळाला होता.

अशा सभांविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींना तो वक्तृत्व गाजवण्याचा आणि चषक मिळवण्याचा सोहळा वाटतो. काहींना तो इंग्रजी बोलणाऱ्या सुखवस्तू मुलांचा निरुपद्रवी खेळ वाटतो. दोन्ही मतांमध्ये एक गोष्ट समान आहे. या सभेचा जो भाग प्रेक्षकांना दिसतो, म्हणजे भाषण, तोच तिचा गाभा आहे, असे दोघेही गृहीत धरतात. वास्तविक तिचा गाभा सभेच्या आधी आहे. नियम समजून घेणे आणि विषयाची पार्श्वभूमी अभ्यासणे, या दोन कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामांतच तिचे सारे शैक्षणिक मूल्य साठवलेले आहे. हे शिक्षण मूठभरांपुरते राहू नये, इतके ते मोलाचे आहे.

प्रथम नियमांचा विचार करावा. सभेच्या प्रारंभी देशांची हजेरी घेतली जाते. प्रतिनिधी ‘उपस्थित’ असे म्हणू शकतो, किंवा ‘उपस्थित आणि मतदान करणारा’ असे म्हणू शकतो. दोन्ही उत्तरे सारखीच वाटतात. पण दुसरे उत्तर देणाऱ्याला पुढे तटस्थ राहता येत नाही. त्याला ठरावाच्या बाजूने किंवा विरुद्ध मत द्यावेच लागते. म्हणजे सभेतील पहिला शब्द उच्चारतानाच प्रतिनिधीने आपल्या देशाची भूमिका ठरवलेली असावी लागते. हजेरीनंतर वक्त्यांची यादी तयार होते. प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळतो. मोठ्या देशाला जास्त आणि छोट्याला कमी, असे होत नाही. वेळ उरल्यास वक्ता तो दुसऱ्या देशाला देऊ शकतो किंवा प्रश्नांसाठी खुला ठेवू शकतो. कामकाज नियमाप्रमाणे चालत नसेल, तर कोणीही हरकतीचा मुद्दा उपस्थित करू शकतो आणि अध्यक्षांना त्यावर निर्णय द्यावाच लागतो.

मधल्या काळात प्रतिनिधी जागेवरून उठून गटागटाने चर्चा करतात. समान मते असलेले देश एकत्र येऊन ठरावाचा मसुदा लिहितात. मसुद्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात प्रश्न का उद्भवला, त्याविषयी पूर्वी कोणते करार व ठराव झाले, हे नमूद केले जाते. दुसऱ्या भागात काय करायचे ते क्रमाने सांगितले जाते. मसुद्याला सूचक लागतात आणि ठरावीक संख्येने सह्या लागतात. सही करणारा देश मसुद्याशी सहमत असतोच असे नाही; ‘या मसुद्यावर चर्चा व्हावी’ एवढेच त्याचे म्हणणे असते. हा भेद लहान दिसतो, पण तो लोकशाहीच्या मुळाशी आहे. एखाद्याचे मत पटले नाही, तरी ते सभेपुढे येऊ द्यावे, हा धडा त्या एका सहीत सामावलेला आहे.

असे नियम पाठ करणे हे नीरस काम आहे, आणि अनेक विद्यार्थी ते टाळतात. परंतु नियमांचे अज्ञान किती महाग पडते आणि त्यांचे ज्ञान किती उपयोगी पडते, हे पाहायचे असेल, तर ज्या व्यक्तीच्या सार्वजनिक जीवनाचा एक महत्त्वाचा टप्पा लखनौमध्येच घडला, तिच्या कार्याकडे पाहावे. ती व्यक्ती म्हणजे विजयालक्ष्मी पंडित.

विजयालक्ष्मी पंडित यांचे शिक्षण घरीच झाले. त्यांच्याजवळ महाविद्यालयाची पदवी नव्हती. घर संपन्न होते, भोवती राजकारणाचे वातावरण होते, हे खरे. परंतु सभेच्या कामकाजाचे शिक्षण त्यांना प्रत्यक्ष सभांमध्येच मिळाले. त्यांचे पती रणजित पंडित हे मूळच्या कोकणातील घराण्यातले, संस्कृतचे विद्वान आणि ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी अनुवादक होते. १९३७ मध्ये संयुक्त प्रांताच्या निवडणुकीनंतर विजयालक्ष्मी पंडित लखनौच्या विधानसभेत आल्या आणि स्थानिक स्वराज्य व सार्वजनिक आरोग्य या खात्यांच्या मंत्री झाल्या. १९३९ पर्यंत त्यांनी हे काम पाहिले. विधेयक कसे मांडावे, दुरुस्तीला उत्तर कसे द्यावे, विरोधकांच्या हरकतीला नियमाच्या चौकटीत कसे सामोरे जावे, याचे पाठ त्यांनी त्या सभागृहात घेतले.

त्या पाठांची परीक्षा १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे झाली. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्या वर्षी एक कायदा करून तेथील भारतीयांच्या जमीन घेण्याच्या आणि राहण्याच्या हक्कांवर कठोर निर्बंध घातले होते. भारताने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे नेला. भारत तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे होते आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. सी. छागला त्यांच्या सहकाऱ्यांत होते. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फील्ड मार्शल स्मट्स होते. ज्या सनदेच्या आधारे भारत दाद मागत होता, त्या सनदेच्या उद्देशिकेचा मूळ मसुदा लिहिण्यात स्मट्स यांचाच मोठा वाटा होता.

दक्षिण आफ्रिकेचा युक्तिवाद नियमावर आधारलेला होता. सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या पोटकलमाप्रमाणे एखाद्या देशाच्या अंतर्गत बाबीत संयुक्त राष्ट्रसंघाला हस्तक्षेप करता येत नाही. तेव्हा हा प्रश्न आमसभेने विचारातच घेऊ नये, फार तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवावे, असे त्याचे म्हणणे होते. या युक्तिवादाला केवळ संतापाने उत्तर देता आले नसते. भारतीय प्रतिनिधींनी सनदेतील मानवी हक्कांच्या तरतुदी पुढे ठेवल्या आणि भारतीयांच्या वागणुकीविषयी दोन्ही सरकारांमध्ये पूर्वीच करार झालेले होते, हे दाखवून दिले. ज्या विषयावर दोन सरकारे आपसात करार करतात, तो विषय एकाच देशाची अंतर्गत बाब कसा राहील, हा प्रश्न बिनतोड होता. येथे नियमांचे ज्ञान आणि पार्श्वभूमीचे ज्ञान एकमेकांच्या मदतीला आले. करारांचा इतिहास माहीत नसता, तर कलमाचा अर्थ लावता आला नसता; आणि कलम माहीत नसते, तर करारांचा इतिहास सभेपुढे कसा आणावा, हे कळले नसते.

अखेर फ्रान्स आणि मेक्सिको यांनी मांडलेला सौम्य शब्दांचा ठराव मतदानाला आला. ८ डिसेंबर १९४६ रोजी ठरावाच्या बाजूने ३२ देशांनी, विरुद्ध १५ देशांनी मत दिले आणि ७ देश तटस्थ राहिले. ठराव संमत होण्यासाठी दोन तृतीयांश बहुमत आवश्यक होते. एकूण ५४ देशांच्या दोन तृतीयांश म्हणजे ३६ मते होतात. म्हणजे ३२ मते अपुरी आहेत, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. परंतु नियम असा आहे की, बहुमत मोजताना ‘उपस्थित राहून मत देणारे’ देशच धरायचे आणि तटस्थांना वगळायचे. तसे केले, की ४७ देश उरतात आणि त्यांच्या दोन तृतीयांशासाठी ३२ मते पुरेशी होतात. बाजूच्या देशांपैकी एकानेही विरोधात मत दिले असते, तर ठराव पडला असता. तटस्थ राहण्याचा हक्क सांगणारा, रुक्ष वाटणारा तो नियम परदेशात अपमानाचे जिणे जगणाऱ्या हजारो भारतीयांच्या बाजूने त्या दिवशी उभा राहिला.

नियम कोणाचा कायमचा मित्र नसतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पुढच्याच वर्षी याच प्रश्नावर भारताला दोन तृतीयांश मते मिळू शकली नाहीत. आमसभेचा ठराव देशांवर बंधनकारक नसतो. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेने तो जुमानला नाही आणि तेथील वर्णभेदाची व्यवस्था संपायला १९९४ साल उजाडावे लागले. तरीही एका गुलाम देशाच्या तक्रारीवरून बलाढ्य सरकारला जगापुढे उत्तर द्यावे लागले, ही घटना लहान नव्हती. मतदानानंतर विजयालक्ष्मी पंडित स्मट्स यांच्याकडे गेल्या आणि वादाच्या भरात आपल्याकडून मर्यादा सुटली असेल, तर क्षमा असावी, असे त्यांना म्हणाल्या, ही आठवण त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. लखनौची अदब आणि सभेचा नियम यांचा असा मेळ बसला, म्हणजे दोन्हींना अर्थ येतो. पुढे सप्टेंबर १९५३ मध्ये त्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला होत.

आता पार्श्वभूमीच्या अभ्यासाचा विचार करावा. अभिरूप राष्ट्रसभेत विद्यार्थ्याला बहुधा स्वतःचा देश मिळत नाही. कधी असा देश मिळतो, ज्याचे नाव त्याने नकाशावरच काय ते वाचलेले असते. कधी असाही मिळतो, ज्याची भूमिका त्याला मनापासून अमान्य असते. तरीही त्या देशाच्या हिताची, इतिहासाची आणि भीतीची त्याला ओळख करून घ्यावी लागते. तो देश काय पिकवतो, कोणाला विकतो, त्याच्या सीमेपलीकडे कोण आहे, त्याने पूर्वी कोणत्या करारांवर सह्या केल्या, कोणत्या ठरावावर कसे मत दिले, हे सारे शोधावे लागते. मग दोन पानांचे भूमिकापत्र लिहावे लागते. त्यात आपल्या देशाची भूमिका, तिची कारणे आणि सुचवलेला उपाय स्पष्ट शब्दांत मांडायचा असतो. ज्याने असे एक पत्र प्रामाणिकपणे लिहिले आहे, तो पुढे वर्तमानपत्रातील परदेशविषयक बातमी पूर्वीप्रमाणे वाचत नाही. ‘अमुक देश दुष्ट आहे’ या वाक्यावर तो थांबत नाही. ‘तो असे का वागतो’ हा पुढचा प्रश्न विचारतो.

प्रतिनिधी स्वतःच्या मनाचे बोलत नसतो, हाही या अभ्यासातील मोठा धडा आहे. जून १९५० मध्ये सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद भारताचे बेनेगल नरसिंह राव यांच्याकडे होते. भारताच्या संविधान सभेचे सल्लागार म्हणून त्यांनी केलेले काम प्रसिद्धच आहे. कोरियात युद्ध पेटले आणि दक्षिण कोरियाला साहाय्य करण्याचा ठराव २७ जून रोजी परिषदेपुढे आला. राव यांच्याइतका कायदेपंडित त्या सभागृहात क्वचितच असेल. तरीही आपल्या सरकारच्या सूचना हाती आल्या नसल्यामुळे त्यांनी त्या मतदानात भाग घेतला नाही. इजिप्तच्या प्रतिनिधीनेही तेच केले. भारत सरकारने आपली संमती नंतर कळवली. हाती मत आहे, बुद्धी आहे, अध्यक्षपदही आहे, पण मत मात्र आपले नाही, ते देशाचे आहे, ही जाणीव म्हणजे प्रतिनिधित्व.

त्याच बैठकीत नियमांचे आणखी एक अंग दिसून आले. सोव्हिएत संघाजवळ नकाराधिकार होता. एका मताने तो ठराव रोखू शकला असता. परंतु चीनची जागा कोणाला द्यावी, या वादावरून निषेध म्हणून सोव्हिएत प्रतिनिधी जानेवारीपासून परिषदेत येतच नव्हते. रिकाम्या खुर्चीला नकाराधिकार वापरता येत नाही. ठराव संमत झाला. बहिष्कार हे निषेधाचे साधन आहे खरे. पण सभेत अनुपस्थित राहण्याची किंमत काय, हे आधी मोजले पाहिजे, असे ही घटना सांगते. ज्या ग्रामसभेत आणि ज्या सोसायटीच्या बैठकीत ‘आपण जाऊन काय होणार’ असे म्हणून माणसे घरी बसतात, तेथेही हेच घडते.

अभ्यास आणि नियम यांच्या जोडीला शब्दांची पारख लागते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत होता, तेव्हा पहिल्या कलमात सर्व ‘पुरुष’ जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. त्या शब्दात स्त्रियाही आल्याच, असे अनेकांना वाटत होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी मात्र आग्रह धरला आणि त्या जागी ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द आले. लखनौच्या इझाबेला थोबर्न महाविद्यालयात एकेकाळी अध्यापन केलेल्या लक्ष्मी मेनन यांनी १९४८ मध्ये आमसभेच्या समितीत स्त्री-पुरुष समान हक्कांचा स्पष्ट उल्लेख राहावा, म्हणून बाजू मांडली. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे ४८ देशांच्या मतांनी जाहीरनामा संमत झाला. विरोधात एकही मत पडले नाही, आठ देश तटस्थ राहिले. दुरुस्ती सुचवण्याची रीत माहीत असलेल्या एका सदस्याने बदललेला एक शब्द आज जगातील निम्म्या लोकसंख्येचा आधार झाला आहे. अभिरूप सभेत विद्यार्थी मसुद्यातील एकेका क्रियापदावर भांडताना दिसतात, तेव्हा ते वेळ घालवत नसतात. ‘विनंती करणे’ आणि ‘आवाहन करणे’, ‘नोंद घेणे’ आणि ‘स्वागत करणे’ यांतील अंतर ते शिकत असतात.

या उपक्रमावर घेतले जाणारे आक्षेप मात्र दुर्लक्षित करण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप चढाओढीचा आहे. ‘सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी’ हा किताब मिळवण्यासाठी काही विद्यार्थी नियमांचाच शस्त्रासारखा वापर करतात. वारंवार हरकती घेऊन नवख्या प्रतिनिधीला गोंधळवतात आणि तो खाली बसला, म्हणजे आपण जिंकलो असे समजतात. हा दोष खरा आहे. पण तो नियमांचा नाही, अर्धवट शिक्षणाचा आहे. खऱ्या आमसभेतील बहुसंख्य ठराव आज मतदानाविना, सर्वसहमतीने संमत होतात. तेथे कौशल्य असते ते प्रतिपक्षाला सोबत घेण्याचे. अभिरूप सभांमध्येही बक्षीस द्यायचेच असेल, तर ते सर्वांत जास्त बोलणाऱ्याला न देता, विरोधी गटाला मसुद्यात आणणाऱ्याला द्यावे. एकट्या कोपऱ्यात बसलेल्या लहान देशाच्या प्रतिनिधीला नियम समजावून सांगणारा विद्यार्थी हा त्या सभेचा खरा मुत्सद्दी होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या सभा बहुतेक इंग्रजीत होतात, अनेक ठिकाणी प्रवेशशुल्क द्यावे लागते आणि त्यांची माहिती ठरावीक शाळांपर्यंतच पोहोचते. लखनौचे चौक आणि लखनौच्या नामांकित शाळा यांच्यातील अंतर रस्त्याने फारसे नसले, तरी भाषेने पुष्कळ आहे. हीच स्थिती पुण्यात, नागपुरात आणि मुंबईतही आहे. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला जगाच्या प्रश्नांवर मत असू नये, असा चुकीचा संदेश यातून नकळत जातो. वास्तविक खुद्द संयुक्त राष्ट्रसंघाचे नियम याहून उदार आहेत. तेथे सहा अधिकृत भाषा आहेत. पण अन्य भाषेत बोलू इच्छिणाऱ्या प्रतिनिधीने अनुवादाची सोय केली, तर त्याला आपल्या भाषेत बोलता येते. याच नियमाच्या आधारे १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी यांनी आमसभेत हिंदीतून भाषण केले. पुढे १९९१ पासून २००९ पर्यंत ते लोकसभेत लखनौचेच प्रतिनिधित्व करीत होते. जो हक्क न्यूयॉर्कच्या सभागृहात मान्य आहे, तो लखनौच्या किंवा लातूरच्या शाळेत नाकारण्याचे कारण नाही. अभिरूप सभा हिंदीत, उर्दूत, मराठीत भरवता येते. सूचक, अनुमोदक, ठराव, उपसूचना, दुरुस्ती, गणसंख्या, तटस्थ, हरकतीचा मुद्दा, हे सारे शब्द मराठीत पूर्वीपासून रुळलेले आहेत. महाराष्ट्राचे विधिमंडळ त्यांच्याच आधारे काम करते. शब्दांची उणीव नाही. उणीव आहे ती इच्छेची.

तिसरा आक्षेप असा की, ज्याचा रोजचा प्रश्न पाण्याच्या टाकीचा किंवा शिधापत्रिकेचा आहे, त्याने कोरियाचे आणि ब्राझीलचे नियम कशासाठी शिकावेत? या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये शोधण्याची गरज नाही. ते प्रत्येक गावाच्या चावडीवर आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणसंख्येसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल ती आवश्यक असते. महिलांची स्वतंत्र सभा ग्रामसभेपूर्वी घेण्याची तरतूदही आहे. हे ज्याला माहीत नाही, त्याच्या गावात कागदावर सभा होते आणि ठरावही कागदावरच संमत होतो. विषयपत्रिका मागणे, इतिवृत्तात आपला विरोध नोंदवून घेणे, मागील ठरावाचे काय झाले ते विचारणे, ही कामे आमसभेतील प्रतिनिधी करतो तीच आहेत. सभा लहान असो की मोठी, तिची रीत एकच असते. बचतगटाच्या बैठकीत हिशेब वाचून दाखवण्याचा आग्रह धरणारी स्त्री आणि सनदेच्या कलमावर बोट ठेवणारी राजदूत या एकाच शाळेच्या विद्यार्थिनी आहेत.

म्हणूनच हे शिक्षण वयात आलेल्या आणि शाळेबाहेर राहिलेल्या अभ्यासकांनाही मिळाले पाहिजे; किंबहुना त्यांना ते अधिक शोभून दिसेल. शाळकरी मुलगा निर्वासितांवर बोलतो तेव्हा त्याला पुस्तकाचा आधार असतो. पोटासाठी गाव सोडून शहरात आलेला प्रौढ त्याच विषयावर बोलेल, तेव्हा त्याच्या शब्दाला अनुभवाचे वजन असेल. त्याला हवी असते ती फक्त मांडण्याची रीत. संसदीय कामकाज मंत्रालयाची युवा संसद योजना १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांतून सुरू झाली आणि पुढे तिचा विस्तार झाला. त्याच धर्तीवर अभ्यासकेंद्रांतून, ग्रंथालयांतून आणि वाचनालयांतून अशा सभा भरवणे अवघड नाही. त्यासाठी सभागृहाचा थाट लागत नाही. एक खोली, वीस-पंचवीस माणसे, देशांच्या नावांच्या कागदी पाट्या, एक नकाशा, एक घड्याळ आणि नियमांची चार पाने एवढी सामग्री पुरते. विषय मात्र असा निवडावा की, त्याचा एक धागा सहभागी होणाऱ्यांच्या जगण्याला जोडलेला असेल. नद्यांच्या पाण्याचे वाटप हा जसा देशांमधला प्रश्न आहे, तसाच तो राज्यांमधला आणि गावांमधलाही आहे.

विजयालक्ष्मी पंडित यांच्या बाजूने ना सैन्य होते, ना स्वतंत्र देशाची प्रतिष्ठा होती. त्यांच्या बाजूने न्याय होता. पण न्याय बाजूने असणारे अनेक जण सभांमधून रिकाम्या हाताने परत येतात. न्याय्य मागणीला अभ्यासाची आणि रीतीची जोड मिळाली, म्हणून ते ३२ देश उभे राहिले. बलवानाला नियमांची गरज नसते. त्याचे काम नियमांवाचूनही भागते. नियमांची खरी गरज दुर्बलाला असते, कारण वेळेची मर्यादा, बोलण्याची पाळी आणि प्रत्येकाला एक मत, एवढेच त्याला बलवानाच्या बरोबरीने बसवते. लखनौच्या एखाद्या सभागृहात कोणी विद्यार्थिनी हात वर करून शांतपणे ‘अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा आहे’ असे म्हणते, तेव्हा ती त्या बरोबरीची मागणी करायला शिकत असते. तीच मागणी गावोगावच्या सभांमधून, आपापल्या भाषेत आणि पुरेशा अभ्यासानिशी ऐकू येऊ लागली, तर लोकशाही हा केवळ मतदानाच्या दिवसाचा व्यवहार राहणार नाही.